मरून घरी येणारा माणूस

अहो, तुमच्या शोकसभेत टाळ्या पडल्या.

हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण टाळीसाठी तुम्ही जन्मभर किती वेळा जमिनीवर आपटलात ते मला ठाऊक आहे. तुमच्या गुडघ्यांना तेल मीच चोळलंय. तर झालं असं, की तुमचं तेरावं उरकल्यावर गावातल्या जुन्या सिनेमांच्या शौकीन मंडळींनी गंगापूर रोडच्या एका सभागृहात सभा ठेवली. व्यासपीठावर तुमचा फोटो, त्याला शेवंतीचा हा एवढा जाड हार. सूत्रसंचालन करणारा तरतरीत तरुण माईकवर आला आणि म्हणाला, "मराठी पडद्यावर यांच्याइतक्या वेळा कुणी मेलं नसेल!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या की हो! मग एकेकाच्या लक्षात आलं आपण कुठे बसलोय ते. हात अर्ध्यावर थांबले. कुणी खोकलं, कुणी चष्मा पुसायला घेतला. मी मात्र पहिल्या रांगेत बसून वाजवत राहिले. आपला प्रशांत माझा हात धरून हळूच म्हणाला, "आई, अगं..."

मी म्हटलं, "गप रे. नायकाच्या बापाला टाळी मिळत नसते. आज मिळतेय तर मिळू दे."

इथवर सगळं मजेत होतं. पण मग त्या तरुणाने जाहीर केलं, की चहा झाल्यावर तुमचा तो शाळामास्तर झालेला सिनेमा दाखवणार. अख्ख्या नाशकात एकच बाई अशी असेल जिने तुम्हाला पडद्यावर एकदाही मरताना पाहिलं नाही, आणि ती तुमची बायको. प्रशांत म्हणाला, "आई, चहा घेऊन आपण निघू. तुला नाही झेपायचं." त्याचंही बरोबर होतं. पण आपलं एक भांडण मिटायचं राहिलं होतं, ते त्याला कुठे माहीत?

तुम्हाला आठवतं, आपलं लग्न कसं ठरलं? मध्यस्थांनी माझ्या वडिलांना सांगितलं, मुलगा सिनेमात असतो. वडील सावध झाले. "सिनेमात काय करतो?" मध्यस्थ म्हणाले, "मरतो." वडिलांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे नायक नाही ना? मग हरकत नाही." एवढ्यावर मी तुमच्या पदरात पडले. पंचवटीतलं ते दोन खोल्यांचं बिऱ्हाड, देवळ्याहून आलेल्या तुमच्या आई, आणि कोल्हापूरला जाऊन महिन्याकाठी एकदा तरी मरणारे तुम्ही.

हातातला हिरवा चुडाही उतरला नव्हता तेव्हा सासूबाई मला तुमचा सिनेमा दाखवायला टॉकीजमध्ये घेऊन गेल्या. तुम्ही पडद्यावर आलात. पांढऱ्या मिशा लावलेल्या, वय दुप्पट. मी लाजले. बघता बघता तुमच्या पोराने घर सोडलं, तुम्ही छातीला हात लावलात, दुसरा हात भिंतीवर, आणि आजूबाजूच्या बायका वळून माझ्याकडे पाहायला लागल्या. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"ऊठ. आपल्या कुकवाच्या धन्याला मरताना पाह्यचं नसतं."

"पण खोटं आहे ते," मी म्हटलं.

"खोटं हाय म्हणूनच उठाया येतंय. चल."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी कनवटीची डबी काढली, माझ्या कपाळावर नवं कुंकू टेकवलं आणि कान देऊन उभ्या राहिल्या. आतून हुंदके ऐकू यायला लागले तशा म्हणाल्या, "झालं वाटतं. चल, शेंगा घे आन् मग आत जाऊ." त्या दिवसापासून हा नियमच झाला. सासूबाई गेल्या, टॉकीजची जागा टीव्हीने घेतली, तरी मी उठतच राहिले. टीव्हीवर तुमची वेळ आली की मी स्वयंपाकघरात. लहानपणी प्रशांत बाहेरून ओरडायचा, "आई, झालं! बाबा मेले! ये आता!" एकदा नवे भाडेकरू घर बघायला जिन्यात उभे होते. ते तसेच खाली उतरले, पुन्हा आले नाहीत.

आणि औक्षण. ते तर मी कुणाला सांगितलं तर कुणाला पटणार नाही. तुम्ही पहाटेच्या एसटीने कोल्हापूरहून यायचात, बॅग हातात, मिशीचा गोंद ओठावर तसाच. सासूबाई उंबऱ्यात आडव्या.

"थांब तिथंच. मरून आला ना?"

"आलो."

"मंग ववाळल्याबगर आत पाय ठेवायचा नाय."

मी तबक घेऊन यायचे. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. तुम्ही टोपी घालून उभे राहायचात, पोरासारखे शहाणे. मी ओवाळायचे, तोंडात साखर घालायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "ये आता आत." त्यांच्यामागे ते वाक्य माझ्या वाट्याला आलं. तुम्ही जिन्यातूनच ओरडायचात, "अगं, तबक घे! या खेपेला गोळी!" नाहीतर, "दम्याने गेलो, पण काय गेलो!" शेजारच्या लीलाताई गॅलरीत येऊन विचारायच्या, "काका, त्रास नाही ना फार झाला?"

एकदा तर तुम्ही सिनेमातला स्वतःचाच हार घातलेला फोटो घरी आणलात. तुम्ही मेल्यावर नायकाच्या भिंतीवर लावायला काढलेला. सेट मोडला तेव्हा तुम्ही मागून घेतलात. चांगली चौकट आहे म्हणालात. सासूबाईंनी फोटो पाहिला मात्र, हार ओढून काढला आणि दारातल्या गाईला घातला. "जित्या माणसाला हार घालतेत व्हय रे?" चौकट मात्र ठेवून घेतली. तिच्यात पुढे गणपती बसवला.

पण मी सांगत होते ते आपलं भांडण.

तुम्ही घरी सराव करायचात. मरणाला सराव कसला लागतो, असं मी म्हटलं की तुम्ही व्याख्यान सुरू करायचात. मरणं दोन तऱ्हेची, बोलकं आणि मुकं. बोलक्या मरणात खरा वारस कोण हे सांगायच्या ऐन क्षणी मान टाकायची. मी म्हणायचे, "अहो, मग आधी वारसाचं नाव सांगून घ्या ना, बाकीचं नंतर बोला." तुम्ही कपाळाला हात लावायचात. मुकं मरण अवघड. त्यात मेल्यानंतर खरं काम सुरू होतं, असं तुमचं म्हणणं. "पडणं कुणालाही जमतं, कुमुद. पडून राहणं ही कला आहे."

आणि तुम्ही पडून राहायचात. मी पोळ्या लाटतेय आणि तुम्ही ओट्याखाली मेलेले. मी वळून बघायचे आणि म्हणायचे, "पोट हलतंय."

झालं! तुम्ही ताडकन उठून बसायचात. "हलत नाही!"

"हलतंय. मला दिसतं ना."

"घरात हलत असेल. कॅमेऱ्यापुढे हलत नाही. मास्तरांच्या सिनेमात अख्खं गाव येऊन माझ्यावर फुलं टाकतं, तेवढा वेळ मी श्वास धरला होता. दिग्दर्शक स्वतः येऊन नाकापुढे बोट धरून गेला. घाबरला होता बिचारा. एकदा येऊन बघ तरी!"

"बघीन कधीतरी."

"तू काय बघणार! तू शेंगा खात बसणार बाहेर."

हे आपलं पन्नास वर्षांचं भांडण. बाकीची जोडपी माहेर-सासरवरून भांडतात, आपण तुमच्या पोटावरून भांडलो. एकदा तुम्ही अंगणात सराव करत होतात, दूधवाला आला, त्याने कॅन टाकून बोंब मारली. गल्ली गोळा झाली. लीलाताईंनी तर हंबरडाच फोडला. मी पदराला हात पुसत बाहेर आले, तुमच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "काही नाही, पोट हलतंय." तुम्ही एक डोळा उघडून लीलाताईंना विचारलंत, "पण तुम्हाला कसं वाटलं?" दूधवाल्याने पुढे कित्येक दिवस दूध फाटकावरच ठेवलं.

लोकांनी तुमच्यावर माया केली, हे मात्र खरं. हीरो-हिरॉइनला लोक लांबून बघतात, तुमच्या अंगाला हात लावायचे. आपण घोटीला तांदूळ घ्यायला गेलो होतो तेव्हाचा तो दुकानदार आठवतो? तांदूळ राहिला बाजूला, त्याने तुम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तुमच्या पोरानं तुमाला लय छळलं हो. मला तर वाटलं उठावं आन् कानफटात द्यावी त्याच्या."

तुम्ही त्याची समजूत काढलीत, "अहो, पण शेवटी सुधारला ना तो."

"सुधारला, पर तुमाला कुठं बघाया मिळालं ते?"

परतताना बसमध्ये म्हणालात, की एवढी मरणं केली पण हा विचार कधी आला नव्हता. मेलेल्या माणसाला सिनेमाचा शेवट दिसत नाही. मग तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तुझं उलटं आहे. तुला शेवट दिसतो, मी दिसत नाही." मी पिशवीतली शेंगांची पुडी काढून तुमच्या हातात ठेवली.

पुढे सिनेमे बदलले. पोरं बापाला न विचारता घर सोडायला लागली, त्यामुळे बाप मरायचे थांबले. मग मालिका आल्या. तुम्हाला एका मालिकेत आजोबा केलं आणि कोमात ठेवून दिलं. आज मरतील, उद्या मरतील म्हणून तुम्ही रोज मुंबईला जाऊन नळ्या लावून पडायचात. "धड मरूही देत नाहीत गं," म्हणून किती चिडला होतात! मी तबक घासून तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. मालिकाच बंद पडली. तुम्ही अजून कोमात आहात म्हणायचं तिथे.

आणि मग ती दुपार.

चारचा सुमार होता. तुम्ही गॅलरीत आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. मला म्हणालात, "चहा टाकतेस? आलं खिसून घाल, ठेचू नको." जन्मभर काहीतरी फार महत्त्वाचं सांगता सांगता मान टाकायची हा तुमचा धंदा, आणि स्वतःच्या वेळेला बोललात काय, तर आलं. त्या वाक्यात मी नंतर पुष्कळ शोधलं. काही नाही, आलंच आहे. पण बरं झालं. एकदा तरी वाक्य पूर्ण केलंत.

मी चहा घेऊन आले. तुमची मान कलली होती, एक हात खुर्चीबाहेर. मी कप ठेवत म्हटलं, "पुरे झालं. मान जरा जास्त वाकडी झालीय. चहा निवतोय." तुम्ही हलला नाहीत. मी सवयीने तुमच्या पोटाकडे पाहिलं. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज जमलं की यांना.

मग मी खाली बसले, तुमच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडले. खूप रडले. लीलाताई धावत आल्या, दारात थबकल्या आणि म्हणाल्या, "काका, उठा हो आता. काकूंना किती त्रास द्यायचा!" त्यांनाही खरं वाटायला वेळ लागला. एवढं यश कुठल्या नटाला मिळालं असेल सांगा.

माझं दुःख काय, ते तुम्हाला म्हणून सांगते. तुमच्या सगळ्या मरणांच्या वेळी मी बाहेर होते, आणि खऱ्याच्या वेळीही बाहेरच. याची मी माफी मागणार नाही. आधीच्या वेळी सासूबाईंचा नियम होता, आणि या खेपेला चहा तुम्हीच मागितला होतात. पण खुपतं. एकदा तरी मी तिथे असायला हवं होतं, असं वाटत राहतं.

म्हणून मी प्रशांतला सांगितलं, "तू हवं तर जा. मी बघणार आहे."

सिनेमा सुरू झाला. तुम्ही किती बारीक होतात हो! गांधी टोपी, कोपराला फाटलेला कोट, आणि ती चाल, ती मात्र आपल्या घरातली. पोरांना पाढे म्हणायला लावताना तुम्ही खडू कानावर ठेवता. भाजीची पिशवी घेऊन निघताना पेन्सिल अशीच कानावर ठेवायचात, आणि मग घरभर शोधायचात. मला हसू आलं. मध्यंतर झालं. कुणीतरी समोसे आणून दिले. मग तुमचा खोकला सुरू झाला आणि माझे पाय आपोआप खुर्चीखालून बाहेर आले. इतक्या वर्षांची सवय आहे त्यांची. मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मनात म्हटलं, सासूबाई, या खेपेला राहू द्या. आता जपायचं ते काय उरलंय?

तुम्ही शाळेच्या पडवीत बाजेवर मेलात. खरंच सुरेख मेलात. हातवारे नाहीत, छाती धरणं नाही. पोरं पाढा म्हणताहेत, तुम्ही ऐकताहात, आणि पुढच्या आकड्याला तुम्ही ऐकत नाही. बस्स. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मला कळलं, तुम्ही एवढं का सांगत होता ते. अहो, तुम्ही मोठे नट होतात. हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही आठवडाभर जेवणाला नावं ठेवली नसती.

मग गाव यायला लागलं. एकेक जण येतो, झेंडूचं फूल तुमच्या अंगावर ठेवतो, जातो. कॅमेरा हलायला तयार नाही. नायिका पायाशी बसून रडतेय आणि सगळं सभागृह तिच्याकडे बघून नाक पुसतंय. मी नायिकेकडे बघत नव्हते. मी माझ्या सवयीच्या जागी बघत होते. तुमच्या पोटावर, कोटाच्या मधल्या बटणापाशी, कुणीतरी ठेवलेलं एक मोठं फूल होतं.

ते वर गेलं. जरा थांबलं. खाली आलं.

मला वाटलं डोळ्यांतल्या पाण्याने भास झाला. मी चष्मा पुसला. फूल पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. अगदी सावकाश, चोरून चोरून, दुपारी जेवून पडल्यावर तुमचं जातं तसं.

"पोट हलतंय!" मी मोठ्याने म्हणाले, आणि मला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. मागची माणसं माना उंच करून पाहायला लागली. प्रशांतला वाटलं आईचं काहीतरी बिनसलं, तो माझे खांदे धरून म्हणाला, "आई, पाणी देऊ?" मी नुसती पडद्याकडे बोट दाखवत होते. त्याला काही दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. ते दिसायला पन्नास वर्षं पोळ्या लाटता लाटता मागे वळून पाहावं लागतं.

जिंकले मी, अहो! तुम्ही म्हणत होता हलत नाही, मी म्हणत होते हलतं. आणि आता हे कुणाला सांगू? ताडकन उठून भांडणारा माणूस कुठून आणू? तेवढ्यापुरतं परत रडू आलं, नाही म्हणत नाही. पण ते हसण्यातच मिसळून गेलं.

संध्याकाळी घरी आलो. प्रशांतच्या दोन्ही हातांत तुमचा फोटो होता, हारासकट. तो जिना चढून दारापाशी आला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "थांब तिथेच."

तो थांबला. मी आत गेले, तबक काढलं. कोमाच्या वेळी घासून ठेवलेलं, जरा काळवंडलंय. निरांजन लावलं, सुपारी घेतली, अंगठी माझ्याच बोटातली काढली. बाहेर येऊन आधी तो हार काढला. गाय आता कुठली, म्हणून मेघनाच्या हातात दिला. आपली सून गुणाची आहे, पण घाबरली. हळू आवाजात म्हणाली, "आई, अहो, आता... औक्षण चालतं का?"

मी म्हटलं, "औक्षण जिवंत माणसाचं करतात, एवढं मला कळतं. मी आत्ताच बघून आलेय."

प्रशांतने फोटो जरा वर धरला. मी काचेवर कुंकू टेकवलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. साखरेचे चार दाणे तुमच्या ओठांपाशी नेले आणि मग स्वतःच्याच तोंडात टाकले.

या आता आत.